आईचा आळस

आमची आई आळशी झाली आहे, असे घरातल्या सर्वांनी मिळून ठरवून टाकले होते. त्या ठरावावर माझीही सही होती.

पहाटे पाचला उठून सडा-रांगोळी करणारी आई २०१८ च्या पावसाळ्यापासून सात-सात वाजेपर्यंत अंथरुणात पडून राहू लागली. भर वैशाखात पंखा बंद करून शाल पांघरून बसे. भाजीत मीठ कधी दोनदा पडे, तर कधी पडतच नसे. चेहरा भरला, वजन वाढले. "वहिनींना सुख मानवलं हो!" असे शेजारच्या काकू म्हणत आणि आम्ही हसत असू. एकदा दूध उतू गेले तेव्हा मी तिच्यावर ओरडले, "आई, तुझं लक्ष असतं तरी कुठं?" ती काहीच बोलली नाही. मुकाट्याने ओटा पुसत राहिली.

उपाय चालू नव्हते असे नाही. थकव्याला लोहाच्या गोळ्या, अंगदुखीला मलम, बद्धकोष्ठाला चूर्ण. "या वयात असं व्हायचंच," हा एका डॉक्टरांचा सल्लाही पदरी होता.

२०१९ च्या दिवाळीत आम्ही आजोळी गेलो. आजीला तपासायला गावातले जुने डॉक्टर आले. आईने दारातूनच "या काका" म्हटले आणि ते उंबऱ्यावरच थबकले. "पोरी, तुझा आवाज असा घोगरा कधीपासून झाला?" आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. रोज ऐकणाऱ्या आमच्या कानांना तो बदल कधी जाणवलाच नव्हता!

आजी बाजूला राहिली. डॉक्टरांनी आईच्या विरळ झालेल्या भुवया निरखल्या. तिला खुर्चीवर गुडघे टेकायला लावून टाचेच्या वर छोटी हातोडी मारली. पाऊल हलले, पण जागेवर परतताना रेंगाळले. "थायरॉईड मंदावलेली दिसते. रक्त तपासून घ्या," ते म्हणाले. तपासणीत तेच निघाले.

पुढे मी या रोगाविषयी वाचले. १८७३ साली लंडनच्या विल्यम गल यांनी प्रौढ स्त्रियांतील या अवस्थेचे वर्णन केले. १८९१ मध्ये जॉर्ज मरे यांनी एका रुग्ण स्त्रीला मेंढीच्या थायरॉईड ग्रंथीचा अर्क टोचला. ती त्यानंतर अठ्ठावीस वर्षे जगली. आज रोज सकाळी उपाशीपोटी एक इवलीशी गोळी पुरते. अवघड आहे ते ओळखणे. थकवा, थंडी, विसराळूपणा, ही लक्षणे सुटी सुटी पाहिली तर कोणाला नसतात? आणि ती इतक्या सावकाश येतात, की घरचे लोक त्यांना स्वभाव म्हणू लागतात.

काही महिन्यांत आईचा आवाज मोकळा झाला. एके दिवशी भाजी निवडताना ती सहज म्हणाली, "तुम्ही सगळे म्हणायचात ना, मलाही वाटायला लागलं होतं गं, की मी आळशीच झालेय."

रोगाला गोळी मिळाली. त्या वाक्यावरचे औषध मात्र मी अजून शोधते आहे.