दीक्षाभूमीचा आराखडा कुणाला विचारून?

पर्यटन विकासाच्या बैठकांत हल्ली एक वाक्य हमखास ऐकू येते : शासन, उद्योजक आणि स्थानिक समाज यांनी खांद्याला खांदा लावून काम करावे. ऐकायला गोड आहे. पण या तिघांत समाजाला बोलावतात कधी? आराखडा काढताना, की फीत कापताना?

नागपूरच्या दीक्षाभूमीचेच घ्या. १ जुलै २०२४ रोजी आंबेडकरी अनुयायांनी तिथल्या भूमिगत पार्किंगचे काम बंद पाडले. तोडफोड, जाळपोळ झाली. त्याच दिवशी तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधिमंडळात कामाला स्थगिती जाहीर केली. याला कुणी विकासाचा विरोध म्हणत असेल तर ते मला मान्य नाही. खोदकामाने स्तूपाला धोका पोहोचेल, ही लोकांची भीती होती. ती खरी की खोटी, हे पहिली कुदळ पडण्याआधी लोकांसमोर बसून सांगता आले असते.

मी धम्मचक्र अनुवर्तन दिनाला तिथे जातो. बाया-बापड्या रेल्वेच्या जनरल डब्यातून येतात, पाठीवर पिशवी, कडेवर पोर. रात्री मैदानात चादर अंथरतात आणि परतताना पुस्तके घेऊन जातात. (इतकी पुस्तके विकणारी दुसरी यात्रा मला दाखवा!) या माणसाला शौचालय हवे, प्यायला पाणी हवे, ऑक्टोबरच्या पावसात डोक्यावर छप्पर हवे. त्याच्याकडे गाडीच नाही. मग जमिनीखालचे पार्किंग कुणासाठी?

एप्रिल २०२३ मध्ये रेल्वेने बाबासाहेबांच्या नावाने महू, नागपूर, बोधगया दाखवणारी पर्यटन गाडी काढली. चांगलेच झाले. पण पॅकेज घेऊन येणारा तो पर्यटक, आणि १९५६ पासून स्वखर्चाने येणारा तो नुसती गर्दी, असा हिशेब चालणार नाही. नागपूरची हॉटेले, ऑटो, खानावळी या गर्दीवरच दरवर्षी कमावतात.

आणि थोडे आपल्याही घरात बोलू. स्मारक समितीशी चर्चा झाली म्हणजे समाजाशी झाली, हे सरकारने गृहीत धरू नये, समितीनेही धरू नये. नवा आराखडा येईल तेव्हा त्याचा नकाशा मराठीत, मोठ्या अक्षरांत दीक्षाभूमीच्या फाटकावर लावा. विहाराविहारांत बैठका घ्या. पुस्तकांच्या आणि खाण्याच्या स्टॉलची जागा कंत्राटदाराच्या हाती जाणार नाही, हे लेखी द्या. निविदा त्यानंतर काढा.