घसारा आणि गुडघे

कॉमर्सला गेलेल्या माणसाला एक शब्द जन्मभर चिकटतो. तो म्हणजे घसारा. वस्तू वापरली की झिजते, झिजली की तिची किंमत उतरते आणि उतरलेली किंमत वहीत लिहावी लागते, एवढंच ते शास्त्र. त्याच्या दोन पद्धती आहेत. स्थिर हप्ता पद्धतीत वस्तू दरवर्षी सारखीच झिजते. ऱ्हासमान शेष पद्धतीत ती आधी भराभर झिजते आणि मग दमानं. आमचे अण्णा, म्हणजे वडील, ह्या दोन्ही पद्धती मानत नाहीत. त्यांच्या मते त्यांच्या गुडघ्यांना काहीही झालेलं नाही. हल्ली लोक जिनेच उंच बांधतात.

मोटारीचा घसारा मात्र त्यांना मान्य आहे. मोटार विम्याचं एक कोष्टक आहे. गाडी सहा महिन्यांची व्हायच्या आत पाच टक्के, वर्षाच्या आत पंधरा टक्के, असं करत करत पाच वर्षांपर्यंत पन्नास टक्के किंमत उतरते. पुढे कोष्टकच संपतं. त्यानंतरची किंमत कंपनीनं आणि मालकानं आपसांत ठरवायची. मला हे कलम फार आवडतं. साठीनंतरच्या गुडघ्याची किंमतसुद्धा डॉक्टर आणि पेशंट आपसांतच ठरवत असतात, आणि तिथंही दोघांच्या आकड्यांत बरंच अंतर असतं.

मी नोकरीनिमित्त पुण्याला, आई-अण्णा साताऱ्याच्या जुन्या घरात. २०१५ पासून बँकांना दुसऱ्या-चौथ्या शनिवारी सुट्टी मिळायला लागली, तेव्हापासून मी महिन्यातून दोनदा एसटीनं साताऱ्याला जातो. घरापुढे अण्णांची २००४ सालची मारुती ८०० उभी असते. ही गाडी १९८३ साली निघाली आणि २०१४ साली बनायची थांबली, पण ती बातमी अण्णांपर्यंत पोचलेली नाही. पंधरा वर्षं झाल्यावर २०१९ साली त्यांनी तिचं रजिस्ट्रेशन पाच वर्षांनी वाढवून आणलं आणि २०२४ साली पुन्हा पाच वर्षांनी. तिच्याबद्दल मला आदर आहे. माझं लग्न ठरवायला ही मंडळी तिच्यातूनच गेली होती. पण ८०० मध्ये माणूस बसत नाही, उतरतो. विहिरीत उतरावं तसा. आणि सत्तरी ओलांडलेल्या माणसाला बाहेर काढायचं म्हणजे पोहऱ्यासारखं ओढूनच काढावं लागतं.

दीड वर्षापूर्वी माझ्या ध्यानात आलं, की आई वाईला जात नाही.

वाई म्हणजे साताऱ्याहून पस्तीसेक किलोमीटर. आईचं माहेर. तिथं तिची थोरली बहीण राहते, वय वर्षं चौऱ्याऐंशी. महिन्यातून एकदा आई वाईला जाणारच. ढोल्या गणपतीचं दर्शन हे निमित्त आणि मावशीकडे बसून तिसऱ्या बहिणीच्या सुनेचा समाचार घेणं हे कारण. तीच आई परवा म्हणाली, "आता काय ठेवलंय वाईत?" ज्या बाईनं गेली पन्नास वर्षं साताऱ्याच्या पाण्याला आणि हळदीला वाईच्या तुलनेत नावं ठेवली, ती असं म्हणते म्हटल्यावर मी घाबरलो. खरं कारण माझ्या बायकोनं भाजी निवडता निवडता काढून आणलं. मागच्या खेपेला मावशीच्या दारात आईला गाडीतून काढायला अण्णा पुढून आणि भाचा मागून, असे दोघे लागले होते, आणि सगळी आळी बघत होती. तेव्हापासून वाईत काही ठेवलेलं नव्हतं.

गाडी बदलायला हवी हे नक्की झालं, पण कशासाठी बदलायची हे घरात उच्चारायचं नव्हतं. गुडघा हा शब्द आमच्याकडे कर्जबुडव्या नातेवाइकासारखा आहे. सगळ्यांना माहीत, नाव कोणी काढत नाही.

बँकेत विषय काढला. आमच्याकडे कॅश जुळायला वेळ लागतो, सल्ला द्यायला लागत नाही. हेड कॅशियर म्हणाले, "वडीलधाऱ्यांसाठी ना? स्कॉर्पिओ घ्या. दणकट!" स्कॉर्पिओ दणकट खरीच, पण तिच्यात चढायचं तर आधी पायरीवर उभं राहावं लागतं. विहिरीतून काढून माडीवर चढवण्यात काय हशील? आई-अण्णांना ना उतरायचं होतं ना चढायचं. त्यांना नुसतं टेकायचं होतं.

आता सीट कमरेच्या पातळीला असावी, म्हणजे माणूस आधी टेकेल, मग वळेल आणि पाय आत घेईल, अशी गाडी कोणती? उत्तर निघालं कॉम्पॅक्ट एसयूव्ही. एसयूव्ही म्हणजे स्पोर्ट युटिलिटी व्हेईकल. आमच्या घरात शेवटचा स्पोर्ट झाला १९९३ साली, कॅरमचा, आणि तो भांडणात संपला. 'कॉम्पॅक्ट'चा अर्थ मात्र माझ्यासारख्याला जवळचा आहे. २००६ सालच्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या छोट्या इंजिनाच्या गाड्यांचं अबकारी शुल्क चोवीस टक्क्यांवरून सोळा टक्क्यांवर आणलं. झालं! तेव्हापासून कंपन्या गाड्या फुटपट्टी लावून कापू लागल्या. मारुतीची ब्रेझा ३९९५ मिलिमीटर, ह्युंदाईची व्हेन्यूही ३९९५ मिलिमीटर. बरोबर पस्तीस मार्क पाडून पास होणाऱ्या पोराचं नियोजन असं अचूक असतं. गाडीचा आकार इंजिनिअर ठरवतात असं लोक म्हणतात. तो अर्थमंत्री ठरवतात.

नवी गाडी परवडणारी नव्हती. क्लार्कच्या पगारात आठ लाखांची सेकंड हँड हीच उडी. शिवाय नवी म्हटली की अण्णांनी "आमच्यासाठी कशाला?" म्हणून विषय मिटवला असता. जुन्या गाडीची गोष्ट वेगळी. अण्णा एसटीच्या डेपोत स्टोअरकीपर होते. जुनी गाडी घेताना जगात कोणीतरी फसवणारच, आणि ते ओळखायला अण्णांइतका लायक माणूस नाही, हे अण्णांना मान्य होतं.

त्याआधी मी एक काम उरकलं. आई घरात कोणाचाही हात न धरता कशावरून उठते, ते दोन दिवस पाहिलं. सोफ्यावरून उठत नाही, झोपाळ्यावरून दुसऱ्या झोक्याला उठते, आणि स्वयंपाकघरातल्या धान्याच्या लाकडी पेटीवरून मात्र अशी उठते, की जणू दारात पोस्टमन आलाय. मी टेप लावली. पेटी तेवीस इंच भरली. आईची उंची चार फूट दहा इंच, म्हणजे आणखी दोन-तीन इंच चालतील, पण पाय जमिनीला लागले पाहिजेत. अण्णांनी विचारलं, "काय मोजतोस रे?" म्हटलं, "पेटीला कव्हर शिवायचंय." सहा महिने मी गाडी शोधत होतो आणि सहा महिने ते कव्हराची चौकशी करत होते.

मग आमचे शनिवार सातारा आणि कराडच्या गाडीबाजारात जाऊ लागले. तिथली भाषा वधू-वर सूचक मंडळासारखी आहे. सिंगल ओनर, नॉन-अ‍ॅक्सिडेंट, कंपनी मेंटेन, टायर बटण, आणि सर्वांत मोठा शब्द म्हणजे 'डॉक्टरांची गाडी'. जिल्ह्यात जेवढे डॉक्टर आहेत त्याहून जास्त गाड्या डॉक्टरांच्या निघाल्या.

अण्णा खुलले. निवृत्तीनंतर इतक्या वर्षांनी त्यांना तपासायला काहीतरी मिळालं होतं. एका गाडीचं मीटर अठ्ठावीस हजार दाखवत होतं. अण्णांनी मीटरकडे पाहिलंच नाही, क्लच पॅडलच्या रबरावरून बोट फिरवलं. रबर गुळगुळीत. "अठ्ठावीस हजारांत हे एवढं झिजतं होय? पायानं कणीक मळत होता का?" दुसरीचं बॉनेट उघडून बिजागरीच्या बोल्टवरचा रंग पाहिला. पाना लागलेल्या बोल्टचा रंग टवकतो. म्हणजे बॉनेट एकदा उतरलेलं, म्हणजे पुढून ठोकलेली. टायरवर चार आकडी शिक्का असतो, त्यातले पहिले दोन आकडे आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष, हे त्यांनी विकणाऱ्यालाच शिकवलं. "३२१९ म्हणजे २०१९ सालचा बत्तिसावा आठवडा. ह्याला तुम्ही बटण म्हणता? ह्या बटणाचं काज गेलंय."

एका गाडीखाली ते वाकले ते बराच वेळ वर आले नाहीत. "सस्पेन्शन बघतोय," असा खालून आवाज आला. मी काही न बोलता शेजारी जाऊन उभा राहिलो. थोड्या वेळानं माझ्या खांद्यावर एक हात आला आणि त्यामागून अण्णा आले. "सस्पेन्शन ठीक आहे," ते म्हणाले.

डिझेलचा आग्रह त्यांनी लवकर सोडला. एप्रिल २०२० पासूनच्या डिझेल गाड्यांत काजळी धरून ठेवणारी गाळणी असते. गाडी लांब आणि वेगात पळाली तर ती काजळी जळून जाते. नुसती घर ते मंडई केलीत तर गाळणी चोंदते आणि खर्चात टाकते. हे स्टोअरकीपरला पटलं. पण गिअरवरून गाडी अडली. डावा गुडघा आणि क्लच ह्यांचं जमत नाही हे मला दिसत होतं. सिग्नलला ते क्लच दाबताना ओठ मिटून घेत. पण म्हणणार कोण? "ऑटोमॅटिक म्हणजे काय? गाडी आपण चालवायची की तिनं आपल्याला?" अण्णा कडाडले. मी गप्प. बायको गप्प. मागून आई म्हणाली, "मला शिकायची आहे. मला ते गिअर जमणार नाहीत."

बहात्तर वर्षांच्या ज्या बाईनं सायकलसुद्धा कधी चालवली नाही, ती हे बोलत होती. अण्णा तिच्याकडे बघत राहिले. आई खिडकीबाहेर बघत राहिली. शेवटी अण्णा विकणाऱ्याला म्हणाले, "ऑटोमॅटिक काय आहे ते दाखवा. आमच्या हिचा हट्ट आहे."

आता परीक्षा आईची. एकूण सात गाड्यांत ती बसली. पहिलीचा उंबरा इतका रुंद की निऱ्यांना चिखल पुसला गेला. दाराची खालची कड उंबऱ्याला झाकून घेते की नाही, हे कुठल्याच जाहिरातीत छापत नाहीत, पण साडी नेसणाऱ्या बाईला इंजिनापेक्षा ते महत्त्वाचं. दुसरीचं छत मागे उतरतं होतं, ते अंबाड्याला लागलं. तिसरीत ऐसपैस बसली, पण मागचं दार पुरतं उघडत नव्हतं. चौथीत वरचं धरायचं हँडल तिच्या हाताला पोचेना. पाचवी आणि सहावी अण्णांनीच नापास केल्या.

सातवी होती २०२० सालची पेट्रोल विटारा ब्रेझा, ऑटोमॅटिक, एकतीस हजार किलोमीटर, सर्व्हिसच्या सगळ्या नोंदी हजर. गिअर चारच. "आपल्या ८०० लाही चारच आहेत," असं म्हणून अण्णांनी तिला नात्यात घेतली. मी टेप लावली, पेटीपेक्षा अडीच इंच जास्त. आई टेकली. वळली. पाय आत घेतले. मग दार लावलं, दार उघडलं, पाय बाहेर काढले आणि उभी राहिली. मी सवयीनं हात पुढे केला होता, तो तसाच राहिला. ती पुन्हा बसली आणि पुन्हा उतरली. तिसऱ्यांदा बसली तेव्हा विकणारा म्हणाला, "काकू, काही प्रॉब्लेम आहे का?" आई म्हणाली, "रंग तेवढा बरा नाही."

पुढचं काम माझ्या खात्यातलं. आधीच्या मालकानं कर्ज फेडलं होतं, पण आरसी बुकावर बँकेचं नाव तसंच होतं. कर्ज फिटलं म्हणून बोजा उतरत नाही. त्याला बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५ लागतो. तो उतरेपर्यंत मी पैसे दिले नाहीत. गाडी नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, आणि विमा चौदा दिवसांत आपल्या नावे. विकणाऱ्यानं त्याचा नो क्लेम बोनसही गाडीबरोबर देऊ केला होता. तो गाडीचा नसतो, माणसाचा असतो. पुण्यासारखा. विकता येत नाही.

गाडी अण्णांच्या नावावर झाली. ८०० विकायचं कोणी बोललं नाही. ती शेजारी उभी आहे आणि रोज तिचीच आधी पुसली जाते.

पुढच्या चौथ्या शनिवारी आम्ही वाईला गेलो. अण्णा चालवत होते, ओठ उघडे ठेवून. मावशीच्या दारात आई एकटी उतरली. आळीतल्या तीन खिडक्या उघड्या होत्या, त्या पुरेशा होत्या. मावशी काठी टेकत ओट्यावर आली. "नवीन घेतलीत गं?"

"ह्याला हवी होती," आईनं माझ्याकडे बोट दाखवलं. "आम्हाला काय, ८०० पुरे होती. बघ तरी बसून."

मावशीनं काठी माझ्या हातात दिली. टेकली, वळली आणि आत गेली. आई दुसऱ्या बाजूनं आत जाऊन बसली आणि दोन्ही दारं लागली. आम्ही वाट पाहत ओट्यावर उभे. पाच मिनिटं झाली, दहा झाली. भाच्याची बायको "चहा झालाय, चला आत" असं सांगायला गेली. काच चार बोटं खाली आली.

"इथंच आण," मावशी म्हणाली. "आणि बिस्किटं आण." काच वर गेली. तिसऱ्या बहिणीच्या सुनेचं दीड वर्षाचं सगळं साठलं होतं.