निगेचे गद्य

मराठीच्या एम.ए.च्या वर्गात 'आज्ञापत्र' येते ते बहुधा जुन्या गद्याचा नमुना म्हणून. रामचंद्रपंत अमात्यांची वाक्यरचना, फारसी शब्दांचे प्रमाण, राजनीतीचा विचार, यांवर टिपणे काढली जातात. दुर्गप्रकरणातील एका मजकुरावर मात्र कुणी प्रश्न विचारल्याचे माझ्या पाहण्यात नाही. दारूखाना राहत्या घरापासून अलग असावा. आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने दारू, बाण वगैरे बाहेर काढून त्यांना ऊन द्यावे आणि पुन्हा मोहोर करून ठेवावे, अशा आशयाचा तो मजकूर आहे. शत्रू आलेला नाही, काही बिघडलेले नाही. तरी ठरल्या दिवशी दार उघडून पाहायचे. हा भाग मी अलीकडे पुन्हा वाचला त्याचे कारण अगदीच अवाङ्मयीन आहे. आम्ही तिघा सहकाऱ्यांनी मिळून एक वापरलेली कॅरॅव्हॅन विकत घेतली.

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले तेव्हापासून हा शब्द वर्तमानपत्रांतून दिसू लागला आहे. आमची गाडी मात्र पर्यटनाच्या फारशा उपयोगाची नाही. मोटारीमागे जोडून ओढायची ही दोनचाकी खोली एका हौशी गृहस्थांनी बनवून घेतली होती. हौस फिटल्यावर ती आमच्याकडे आली, आणि पौड रस्त्यावरून घोटावडे फाट्याला आत वळून, सहकाऱ्यांपैकी एकाच्या वडिलोपार्जित शेतात, भातखाचरांच्या कडेला आंब्याखाली स्थिरावली. डोंगरापलीकडे हिंजवडीचे काचेचे मनोरे, अलीकडे चिखलणी आणि लावणी. फिरते घर आता फिरत नाही. आम्हीच पुण्याहून त्याच्याकडे जातो.

गाडीबरोबर इंग्रजी माहितीपत्रकांचे एक बाड मिळाले. ते वाचून जे कळले नाही ते शेजारच्या खाचराच्या मालकांनी एका वाक्यात विचारले. हे काका पंचक्रोशीतील पाण्याचे पंप दुरुस्त करतात. गाडीला एक फेरी मारून ते म्हणाले, "मॅडम, गाडी झ्याक हाय. पर गॅसची नळी कवाची?"

नळीवर साल छापलेले असते. ते २०१४ होते. रबरी नळी पाच वर्षांनी बदलावी असा दंडक आहे, आणि वाकवून पाहताच तिच्यावर उन्हाळ्यातल्या खाचरासारख्या भेगा उमटल्या. सिलिंडरच्या मानेजवळच्या पट्टीवरही असाच एक मजकूर असतो, तो वाचण्याची सवय आपल्याकडे अजून रुळलेली नाही. ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, याप्रमाणे. त्या तिमाहीपर्यंत सिलिंडरची पुढची चाचणी व्हायला हवी. मुदत उलटलेला सिलिंडर दारातूनच परत करावा.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो वर जात नाही, जमिनीलगत साचतो. त्याला स्वतःचा वास नसतो. आपल्याला येतो तो मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा. म्हणून कॅरॅव्हॅनमध्ये सिलिंडरचा कप्पा खोलीपासून अलग, बाहेरून उघडणारा आणि तळाला भोके असलेला करतात. अमात्यांचा दारूखानाच तो. आमच्या गाडीतली ती भोके, उंदीर येऊ नयेत म्हणून असेल, चिंध्यांनी गच्च बुजवलेली होती. काकांनी चिंध्या ओढून काढल्या आणि त्या जागी बारीक तारेची जाळी ठोकली. नवी नळी जोडल्यावर सांध्यांना साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहिले. काडी ओढून गळती शोधणाऱ्या शूरांची आपल्याकडे वाण नाही, म्हणून हे लिहिले.

खरा वाद झाला तो गॅसच्या गिझरवरून. न्हाणीच्या कोपऱ्यात तो बसवलेला होता, धूर बाहेर नेणारी नळी नव्हती आणि न्हाणीला खिडकी म्हणून एक वीतभर फट. गिझर उत्तम चालत होता. आमच्यातील एकांचा, जे अर्थशास्त्र शिकवतात, मुद्दा सरळ होता: "चालू आहे ना? मग काढायचा कशाला?" आणि नेमक्या त्याच आठवड्यात माझ्या आईला तिथे दोन रात्री राहायचे होते. वय अठ्ठ्याहत्तर, डिसेंबरची थंडी, दारे-खिडक्या घट्ट लावून घेण्याची आयुष्यभराची सवय. बंद जागेत गॅस जळत राहिला की प्राणवायू कमी पडतो, ज्वलन अपुरे होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. गुंगी येते आणि माणूस दाराची कडी काढायलाही उठत नाही. न्हाणीघरात सापडलेल्या अशा मृत्यूंच्या बातम्या हिवाळ्यात आपण वाचतो आणि पान उलटतो. आईचा मुक्काम मी आठवडाभर पुढे ढकलला. 'चालू आहे' आणि 'ठीक आहे' हे दोन शब्दप्रयोग समानार्थी नाहीत, एवढे सहकाऱ्यांना पटवायला मला तीन दिवस लागले. गिझर निघाला. त्या जागी सहा लिटरचा विजेचा आला, आणि झोपण्याच्या जागेजवळ कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे छोटे यंत्र बसले. विजेच्या गिझरचेही एक पथ्य आहे. गाडी रिकामी ठेवून परत आल्यावर आधी गरम पाण्याची तोटी उघडायची, धार सलग लागली की मगच बटण दाबायचे. टाकी कोरडी असताना बटण दाबले तर आतली कांडी जळते. इथे बोअरचे पाणी क्षारांचे, तेव्हा कांडीवर पुटेही चढतात. वर्षाकाठी एकदा ती काढून खरवडावी लागते.

आई आली तेव्हा तिने सगळ्यांत आधी शेगडी पाहिली. ज्योत पिवळी होती, पातेल्याच्या बुडाला काजळी धरत होती. ती म्हणाली, "चूल कोंदलीय." गॅसच्या शेगडीला हा शब्द मी तोवर कुणी लावलेला ऐकला नव्हता, पण तो अचूक होता. बर्नरच्या नळीत कुंभारमाशीने मातीचे घर केले होते आणि त्यामुळे हवा आत जात नव्हती. तार घालून ते काढले, ज्योत निळी झाली. मुळशीच्या पावसानंतर ही माशी जिथे भोक दिसेल तिथे संसार थाटते. ऑक्टोबरात सगळ्या जाळ्या आणि नळ्या तपासाव्यात हे बाडात कुठेही नाही.

फ्रिजविषयी थोडे विस्ताराने लिहिण्याचा मोह होतो. तो घरच्यासारखा नाही. गॅसवर, गाडीच्या बारा व्होल्टवर किंवा घरच्या विजेवर, तिन्हींवर चालतो आणि आवाज करत नाही, कारण त्यात हलणारा भागच नाही. उष्णता देऊन थंडी निर्माण करण्याची ही युक्ती १९२२ साली स्टॉकहोममधील प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी काढली. आत अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन यांचे चक्र चालते, आणि द्रव केवळ उतारावरून परततो. गाडी उभी असताना कलली की द्रव अडतो, तापवणे मात्र चालूच राहते, आणि यंत्र आतून कायमचे खराब होते. म्हणून फ्रिज लावण्यापूर्वी गवंड्याची पाणसळ. खाचराच्या मऊ मातीत पावसाळ्यात एक चाक चार बोटे खचले होते. फळ्या घालून ते वर घ्यावे लागले. फ्रिजमागे पिवळा डाग किंवा अमोनियाचा झोंबणारा वास आला तर दुरुस्तीच्या नादी लागू नये, तो बंद करून दारे उघडावीत. पुढे १९२६च्या सुमारास, गळक्या फ्रिजमधील विषारी वायूने एक कुटुंब दगावल्याची बातमी वाचून, आइन्स्टाइन आणि झिलार्ड यांनीही हलत्या भागांवाचून चालणारे फ्रिज रचायला घेतले होते. त्यांचा फ्रिज बाजारात आला नाही.

बॅटरीची कथा त्या मानाने साधी. मुळशी धरणाचे पाणी घाटाखाली भिऱ्याला उतरून वीज करते आणि ती मुंबईकडे जाते. ज्या धरणाविरुद्ध १९२१ साली सत्याग्रह सुरू झाला, त्याच तालुक्यातल्या आमच्या शेतावर दिवे बारा व्होल्टच्या बॅटरीवर. महिन्यातून एकदा झाकणे उघडून पातळी पाहायची, कमी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घालायचे, तेही खुणेपर्यंत. टोकांवर साठलेली पांढरी-हिरवी बुरशी सोड्याच्या पाण्याने धुऊन, कोरडी करून व्हॅसलीन लावायचे. विश्रांत बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दिसली की ती भरलेली. १२च्या खाली गेलेली तशीच ठेवली तर ती आजारी पडते. चार्जिंग चालू असताना जवळ काडी ओढू नये, कारण त्यातून हायड्रोजन निघतो.

छपराचे सांधे मे महिन्यात. त्याला आमच्याकडे शाकारणी हा शब्द तयारच होता. गवताऐवजी आता सीलंटची नळी, एवढाच फरक. छपरातून आलेले पाणी फ्रिज आणि विजेच्या जोडण्या यांच्यापर्यंत पोचते, तेव्हा हे काम जूनवर ढकलता येत नाही.

या सगळ्यासाठी आम्ही कपाटाच्या दारामागे एक वही टांगली आहे. ती मराठीत असावी असा माझा आग्रह होता. आपल्या भाषेला हे गद्य नवे नाही. समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकात लेखणी, शाई आणि कागद यांची निगा सांगायला अख्खा समास दिला आहे, आणि त्यात अध्यात्माची घाई नाही. आमच्या वहीत तारीख, काय पाहिले, काय बदलले आणि पुढे केव्हा, एवढेच असते. दारातल्या रबरी पट्टीला काय म्हणावे यावर दोन पाने वाद झाला, 'गॅस्केट' जिंकले. अर्थशास्त्राच्या सहकाऱ्यांनी माझ्या ऱ्हस्व-दीर्घावर लाल शाईने खुणा केल्या आहेत. त्याखाली काकांची पेन्सिलीतली नोंद आहे: पाणसळ लावली. डावं चाक परत बसतंय. फळी जाड पायजे.