तूप वाढलं, पण कमी काय झालं?

खाद्यात तूप मिसळलं की उंदरांच्या यकृतात चरबी साठते, असं मी प्रबंधात ठामपणे लिहिलं होतं. विधान अशक्य नव्हतं, पण माझ्या प्रयोगातून ते सिद्ध होत नव्हतं.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, टोपी बाजारात आम्ही राहायचो. प्रयोगासाठी तयार मिळणारं चरबीयुक्त खाद्य परवडत नव्हतं. म्हणून घराजवळच्या किराणा दुकानातून वनस्पती तुपाचा डबा घ्यायचा, प्रयोगशाळेत नेहमीच्या गोळ्या कुटायच्या, सत्तर भाग भुकटीत तीस भाग वितळवलेलं तूप घालायचं आणि लाडू वळायचे. दुसऱ्या गटाला नुसत्या गोळ्या. यकृतं काढली तेव्हा फरक नजरेत भरला. गोळ्या खाणाऱ्यांचं यकृत तांबूस-तपकिरी, तूपवाल्यांचं पिवळट आणि सुरीला तेलकट लागणारं. सूक्ष्मदर्शकाखाली पेशीपेशीत गोल पोकळ्या दिसत होत्या. स्लाइड तयार करताना झायलीनमध्ये चरबी विरघळून जाते, मागे तिची जागा तेवढी उरते. याहून वेगळा पुरावा मला हवासा वाटला नाही.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या बाईंनी विचारलं, "तूप वाढवलंत, पण कमी काय झालं?"

मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन हिशेब मांडला. शंभर ग्रॅम गोळ्यांत प्रथिनं साधारण 22 ग्रॅम आणि ऊर्जा सुमारे 330 कॅलरी. माझ्या शंभर ग्रॅम लाडवात प्रथिनं 15 ग्रॅमच्या आसपास आणि ऊर्जा 500 कॅलरी. उंदीर बहुतांशी ऊर्जेच्या हिशेबाने खातो, म्हणजे 66 ग्रॅम लाडवातच त्याची भूक भागणार. त्यात प्रथिनं जेमतेम 10 ग्रॅम. निम्म्याहून कमी! कोलीन या पोषकद्रव्याचीही तीच गत. टोरांटोमध्ये चार्ल्स बेस्ट आणि सहकाऱ्यांनी 1930च्या दशकातच दाखवलं होतं की कोलीन कमी पडलं की यकृतात चरबी तुंबते, कारण ती बाहेर पाठवायला लागणारं लेसिथिन यकृताला बनवता येत नाही. मग माझ्या उंदरांचं यकृत पिवळं पडलं ते तुपाने, की या तुटवड्याने? माझ्या वहीतून ते सांगताच येत नव्हतं.

शिवाय ग्वाल्हेरचा उन्हाळा. लाडू खवट व्हायचे, उंदीर ते चिवडून टाकायचे, चुरा तुसात सांडायचा आणि मी तो कधी वजनात धरला नाही. खाल्लं किती, हेच ठाऊक नव्हतं. वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटवर आज 2 टक्क्यांची मर्यादा आहे; तेव्हा माझ्या डब्यात ते किती होतं, ते मी तपासलं नाही. प्रबंधात सरसकट 'चरबी' एवढाच शब्द वापरला.

तो शब्द किती अपुरा आहे, हे नानजी, फ्रेंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं 1989चं काम वाचल्यावर नीट कळलं. त्यांनी उंदरांना जठरातल्या नळीतून मद्य दिलं, बरोबर वेगवेगळी चरबी. गुरांची चरबी मिळालेल्यांचं यकृत शाबूत राहिलं, डुकराच्या चरबीने थोडी इजा झाली, मक्याच्या तेलाने सर्वांत जास्त. मक्याच्या तेलात लिनोलेइक आम्ल भरपूर असतं, गुरांच्या चरबीत अगदी थोडं. यावरून माणसाने तूप पिऊन दारू रिचवावी असं मुळीच निघत नाही. पण कोणती चरबी, कशाच्या जोडीला आणि कशाच्या बदल्यात, हे सांगितल्याशिवाय निष्कर्षाला अर्थ नाही, एवढं नक्की निघतं.

पदवी मिळाली, पण ते उंदीर मी हकनाक मारले, याची बोच आजही आहे. प्राण्यांवर काम करणाऱ्या मुलामुलींना माझी कळकळीची विनंती आहे: पिंजऱ्यात पहिला उंदीर ठेवण्याआधी दोन्ही गटांच्या खाद्याचा तक्ता मांडा, दर शंभर कॅलरीमागे प्रथिनं, कोलीन, जीवनसत्त्वं सारखी पडतात का ते तपासा, आणि तो तक्ता प्रबंधात छापा.