दोन कार्डांचा कॅमेरा

लग्नाच्या याद्या मला नव्या नाहीत. आहेराची, रुखवताची, उपाध्येंनी सांगितलेल्या सामानाची, आचाऱ्याची. पानं किती ते सांगा, हरभऱ्याची डाळ किती लागेल ते मी झोपेतही सांगेन. पण आमच्या धाकटीने एक दिवस जेवणाच्या टेबलावर जी यादी आणून ठेवली, तिच्यातलं एकही नाव माझ्या ओळखीचं नव्हतं. सगळे नुसते आकडे. २४-७०, ७०-२००, ३५, ८५, दोन फ्लॅश, त्यांचे स्टँड, आणि शेवटी ड्रोन. खाली बेरीज चार लाखांच्या वर गेलेली. यांनी चष्मा वर केला, बेरीज वाचली आणि पेपर परत तोंडासमोर धरला.

त्याचं असं झालं होतं की आमच्या वन्संनी, म्हणजे यांच्या थोरल्या बहिणीने, लेकीच्या लग्नाचे फोटो धाकटीवर सोपवले होते. धाकटी नोकरी सांभाळून दोन वर्षं फोटो काढत होती. बारशी झाली, डोहाळजेवणं झाली, बस्तीतले कार्यक्रम झाले. लग्न मात्र पहिलंच. वन्संनी पस्तीस हजारही ठरवून दिले. "घरचं आहे म्हणून फुकट नको, वहिनी. पैसे घेतले की काम नीट होतं," असं म्हणाल्या. खरं आहे ते. बायकांची कामं घरची म्हणून फुकट धरायची आपल्याकडे फार जुनी रीत आहे, ती वन्संनी मोडली याचं मला बरं वाटलं.

यादीवरून दोन दिवस घरात धुसफूस झाली. मला कॅमेऱ्यातलं काही कळत नाही, पण घरखर्चातलं कळतं. मी तिला म्हटलं, "यातलं काय असलं तर फोटो छान येतील ते नंतर सांग. काय बंद पडलं तर फोटोच राहणार नाहीत, ते आधी सांग."

तिने पेन्सिल घेतली आणि यादी उलटी लिहायला बसली.

असं विचारायला कारण होतं. वन्संचं लग्न १९८९ सालचं. तेव्हा रोलचे कॅमेरे, एका रोलमध्ये ३६ फोटो. फिल्मच्या कडेला भोकं असतात, ती आतल्या चक्रीच्या दात्यांत नीट अडकली तरच फिल्म पुढे सरकते. त्या फोटोवाल्याची फिल्म अडकलीच नव्हती. तो बिचारा खटका दाबतोय, दांडा ओढतोय, वरचा आकडा पुढे चाललाय, आणि आत फिल्म आपली डबीतच. रोल गुंडाळायला घेतला तेव्हा त्याला कळलं. तोवर मंगलाष्टकं झाली होती, अक्षता पडल्या होत्या, कन्यादान आटोपलं होतं. मामंजींनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला होता म्हणतात, तोही त्याच रोलमध्ये. दोन वर्षांनी मामंजी गेले. फोटोवाल्याने पैसे परत केले, माणूस वाईट नव्हता. वन्संचा अल्बम हळदीवरून एकदम जेवणाच्या पंगतीवर येतो. मी या घरात सून म्हणून आले तेव्हा तो अल्बम मला दाखवला होता, आणि मधली पानं कुठं गेली हे मी विचारल्यावर सासूबाई उठून आत गेल्या होत्या.

तर ती उलटी यादी. आता रोल नाहीत, कार्डं आहेत. पण कार्डही अचानक बिघडतं आणि आतलं सगळं घेऊन जातं. धाकटीकडे निकॉनचा डी ५६०० होता, त्यात एकच कार्ड बसतं. थोडे मोठे कॅमेरे दोन कार्डांचे असतात, आणि तसं लावून ठेवलं तर प्रत्येक फोटो दोन्हींवर एकाच वेळी उतरतो. एक गेलं तरी दुसरं राहतं. मी म्हटलं, हे पहिलं. तिला नवा, आरशाशिवायचा कॅमेरा हवा होता, हल्ली सगळे त्याच्याच मागे आहेत. पण सगळे त्याच्या मागे आहेत म्हणूनच जुने, आरशाचे कॅमेरे स्वस्तात मिळतात. निकॉन डी ७५० हा २०१४ सालचा, दोन कार्डांचा, कमी उजेडात चांगला. वापरलेला मिळाला ५८ हजारांना. जुन्या गाडीचे किलोमीटर बघतात तसं यात शटर किती वेळा पडलं ते बघतात म्हणे. ते ४१ हजार होतं, आणि कंपनीने ते दीड लाख वेळांसाठी तपासलेलं असतं. म्हणजे अजून बरीच लग्नं निघतील त्यातून.

जुना डी ५६०० विकायचा नाही, असं दुसरं ठरलं. तो दुसऱ्या खांद्यावर. एक बंद पडला तर दुसरा तयार. भिंगंही दोघांना तीच चालतात. फक्त दोन्हींच्या बॅटऱ्या वेगळ्या, एकीची दुसऱ्यात बसत नाही. म्हणून चार्जर दोन, जादा बॅटऱ्या दोन्हींच्या, आणि मी प्रत्येकीवर लाल-हिरवी दोरी बांधून दिली.

मग उजेडाचं. भिंगावर जो आकडा असतो तो हातशिलाईच्या सुईसारखा असतो हे मला फार आवडलं. आकडा मोठा तेवढी सुई बारीक, तसा इथं आकडा मोठा तेवढं भोक बारीक. कॅमेऱ्याबरोबर जे भिंग येतं ते पुढे ओढलं की ५.६ वर जातं. ५० चं साधं भिंग १.८ चं असतं, ते जवळजवळ दहापट उजेड आत घेतं, आणि यादीतलं सगळ्यात स्वस्त तेच. ते विकत घेतलं. एक फ्लॅश, चार कार्डं, हेही विकत. २४-७० आणि ७०-२०० ही जाडजूड भिंगं लाखाच्या पलीकडची, ती भाड्याने. ड्रोन खोडला. आकाशातून मांडव बघायला आपण काय घारी आहोत?

७०-२०० वरून मात्र आमची पुन्हा जुंपली. दीड किलोचं ते धूड. मी म्हटलं, "तू घरची लेक, स्टेजवर जाऊन उभी राहा की. लांबून काढायची गरज परक्याला."

"आई, जवळ गेलं की सगळे फोटोसाठी तोंड करतात गं. लांबून काढलं की तोंड आपापलं असतं."

यावर मला उत्तर सुचलं नाही. ते राहिलं यादीत.

सासूबाई ८२ वर्षांच्या. त्यांचं परिग्रह-परिमाण आहे. लुगडी किती, भांडी किती, सगळं मोजून ठेवलेलं. पलंगावर मांडलेला पसारा बघून म्हणाल्या, "एका लग्नाला एवढं?"

"आज्जी, निम्मं भाड्याचं आहे. परत जाणार."

"मग चालतंय," म्हणाल्या.

कुठल्याच कॅमेऱ्याच्या दुकानात सांगणार नाहीत अशा काही गोष्टी आपल्याला आपल्याच सांगाव्या लागतात. विकणाऱ्याने डी ७५० बरोबर चामड्याचा सुरेख पट्टा दिला होता. लग्नाआधी नवरीला दर्शनाला बस्तीत न्यायचं, आणि बस्तीत चामडं चालत नाही. मी तो पट्टा काढून नायलॉनचा लावला. बॅगही कापडी. गाभाऱ्याजवळ फ्लॅश मारायचा नाही, आधी विचारायचं, आणि आवाज कमी करायचं बटण दाबून ठेवायचं. समईच्या उजेडात ते ५० चं भिंगच कामाला येणार, हेही तेव्हाच लक्षात आलं.

कार्यालय आम्ही आठवडाभर आधी, मुहूर्ताच्याच वेळेला जाऊन पाहिलं. आपली लग्नं दिवसाउजेडी, सूर्यास्ताआधी जेवणं उरकायची, तेव्हा उजेडाची काय ददात, असं मी समजून होते. पण खिडक्या सगळ्या स्टेजच्या मागे. उजेड नवरानवरीच्या पाठीवर आणि तोंडं काळोखात. फ्लॅश छतावर मारून उजेड खाली पाडायचा म्हटलं तर छत गुलाबी. धाकटीने मला स्टेजवर उभं करून फोटो काढला, मी एखाद्या बर्फीसारखी दिसत होते. उजव्या हाताची भिंत पांढरी होती, तिच्यावर मारल्यावर माणसात आले. मागच्या एलईडी पडद्यामुळे फोटोत पट्टे येत होते. अक्षतांच्या वेळी तो बंद ठेवायचा, हे व्यवस्थापकाला यांनी दोनदा सांगितलं. पुरुषाने सांगितलेलं लवकर ऐकतात, काय करायचं.

राहिला पोशाख. पाहुण्यांत साडीच हवी असा एका काकूंचा निरोप आला. साडीत कार्डं कुठं ठेवणार? मी रेशमी कुर्त्याला दोन्ही बाजूंना खोल खिसे शिवले. कोरी कार्डं उजवीकडे, भरलेली डावीकडे. भरलेल्या खिशाला वर बटण.

लग्नाच्या दिवशी मी मुलीकडची, मला बघायला सवड नव्हती. एवढं दिसलं की चुडा भरताना, शालू नेसवताना ती खोलीत होती आणि कोणी पदर सावरत नव्हतं. पंगतीच्या वेळी फ्लॅशचे सेल संपले, जादा होते. कार्ड एकही बिघडलं नाही. रात्री जेवण नसल्यामुळे आम्ही लवकर घरी आलो, आणि तिने कपडे बदलायच्या आधी सगळे फोटो दोन डिस्कवर उतरवले. एक तिच्याकडे, एक माझ्या कपाटात शालूच्या घडीत.

दुसऱ्या दिवशी भाड्याची भिंगं परत गेली. दुकानदाराने उजेडासमोर धरून ओरखडे पाहिले आणि अनामत परत दिली. सगळं वजा जाता वन्संच्या पैशांतून तिला हाती फार राहिलं नाही. कॅमेरा राहिला.

वन्सं आठवड्याने फोटो बघायला आल्या. सहाशे फोटो टीव्हीवर बघताना दर चार फोटोंनी त्या "थांब" म्हणत. एका फोटोपाशी बराच वेळ थांबल्या. पाचव्या-सहाव्या रांगेत खुर्चीवर सासूबाई, अक्षतांची मूठ तशीच मिटलेली, टाकायची राहून गेलेली, नजर स्टेजवर. त्या लांब भिंगाने काढलेला. वन्संनी तोच मोठा करून मागितला. धाकटीने आकार विचारला, तर म्हणाल्या, "मामंजींच्या... आमच्या दादांच्या फोटोएवढा. शेजारी लावायचाय."