गाडी गोव्याची, सामान गावचं

१९९८च्या सुमारास गोव्यात दोन आसनांची एक उघडी स्पोर्ट्स कार तयार होऊ लागली. तिचं नाव सॅन स्टॉर्म. कंपनी सॅन मोटर्स, आराखडा फ्रान्समधल्या ल मां ग्रुपचा, इंजिन रेनोचं ११४९ सीसी आणि ६० हॉर्सपॉवरचं, बॉडी फायबरग्लासची आणि डोक्यावर दुमडता येणारा कापडी टप. बांद्यावरून पत्रादेवी ओलांडली की गोवा. म्हणजे भारतात स्पोर्ट्स कार बनवण्याचा हा खटाटोप आमच्या सिंधुदुर्गाच्या उंबऱ्याला लागूनच झाला. गाड्या थोड्याच बनल्या. ज्यांच्याकडे आहेत त्यांनी त्या जिवापाड जपल्या आहेत. माझं कुडाळला गाड्यांच्या आतल्या कामाचं वर्कशॉप आहे: सीट, डोअर पॅड, डॅशबोर्ड, छत, टप. कॉन्टेसा, पद्मिनी, ११८ एनई या जुन्या गाड्या नेहमीच्या. पण स्टॉर्म आली की हातातलं काम बाजूला ठेवावंसं वाटतं.

या गाडीचं इंजिन बहुतेकदा अडून बसत नाही. रेनोने त्याच घराण्यातलं इंजिन युरोपात ट्विंगो आणि क्लिओला बसवलं होतं, त्यामुळे सामान महाग पडलं तरी मागवता येतं. दाराच्या पॅडला किंवा डॅशबोर्डला मात्र रेनोचा नंबर नसतो. मालक फोनवर पहिला प्रश्न विचारतात तो हाच: ‘मेस्त्री, हे नवीन कुठे मिळेल?’ मला तरी आजवर मिळालेलं नाही.

इंग्लंडात एमजीबी ही जुनी स्पोर्ट्स कार बाळगणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही. तिथे ब्रिटिश मोटर हेरिटेज ही संस्था १९७५ साली उभी राहिली आणि १९८८पासून तिने एमजीबीची अख्खी बॉडीसुद्धा नव्याने बनवायला घेतली. जपानमध्ये माझदाने २०१७ साली एमएक्स-५ या आपल्या उघड्या स्पोर्ट्स कारच्या पहिल्या पिढीची दुरुस्ती स्वतःच हाती घ्यायचं जाहीर केलं. टप, लाकडी स्टीअरिंग, गिअर नॉब पुन्हा तयार करवून घेतले. त्यांना ते परवडतं, कारण प्लास्टिकचा एक भाग दाबून काढायचा पोलादी साचा लाखांच्या घरात जातो आणि तो खर्च हजारो गिऱ्हाइकांत वाटावा लागतो. एमएक्स-५ तर २०१६पर्यंत दहा लाख बनल्या होत्या. आमच्या स्टॉर्मवाल्यांना मोजायला दोन-चार हातांची बोटं पुरतील. तेव्हा पोलादी साच्याचा नाद सोडायचा आणि हाताने काय होतं ते बघायचं. त्या बाबतीत सिंधुदुर्गाइतकी सोयीची जागा मला दुसरी दिसत नाही, आणि हे मी गावच्या अभिमानाने म्हणत नाही.

आधी आमच्या हवेबद्दल सांगायला हवं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, किनाऱ्यावर खारा वारा, आणि एप्रिलात बंद गाडीत हात टेकवत नाही इतका ताव. रेक्झीन मऊ राहतं ते त्यात मिसळलेल्या तेलकट द्रव्यामुळे. उन्हाने ते हळूहळू उडून जातं आणि रेक्झीन तडकतं. फोम दमटपणाने भुगा होतो. १९९०नंतरच्या बऱ्याच गाड्यांत हाताला मऊ लागणारा रंग प्लास्टिकवर मारलेला असायचा. तो आमच्याकडे चिकट होऊन बोटांना लागतो. सगळ्यांत आधी मरतं ते डोअर पॅडचं हार्डबोर्ड. दाराच्या काचेवरून उतरलेलं पाणी आत झिरपतं, बोर्ड खालून फुगतो, क्लिपांची भोकं फाटतात आणि दार आपटलं की पॅड हलायला लागतं.

स्वस्तात काम करायचं तर बाजारात गाडीच्या नावाने विचारू नये. भाग काढावा, उलटा करावा, मागे काय छापलंय ते वाचावं. छोट्या कंपन्या प्रत्येक बटण स्वतः बनवत नाहीत. तसं जगात कुणीच केलेलं नाही. लोटस एस्प्रीसारख्या गाडीला दाराच्या मुठी होत्या मॉरिस मरिना या साध्या गाडीच्या, आणि तिच्या पुढच्या अवताराला मागचे दिवे रोव्हरचे. आपल्याकडे मीटरच्या मागे प्रिकॉल, स्विचवर मिंडा, वायपरच्या मोटरवर ल्यूकास-टीव्हीएस अशी नावं सापडतात. ती सापडली की भाग एकदम स्वस्त होतो, कारण तोच तुकडा एखाद्या मारुती झेनमध्ये, टेम्पोत किंवा ट्रॅक्टरवर बसलेला असतो. झेन १९९३ ते २००६ चालली, मारुती ८०० तर तीस वर्षं. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला अशा गाड्यांचं जुनं सामान ढिगाने पडलेलं असतं. तिथे ‘स्टॉर्मचं बटण’ मागितलं तर नकार मिळतो. हातातला तुकडा दाखवून ‘असलं काहीतरी’ म्हटलं की दुकानदार स्वतः शोधायला लागतो. रेडिओची खाच १८० बाय ५० मिलिमीटरची असेल तर त्या मापाचा कुठलाही टेप बसतो. ते जगभर चालणारं प्रमाण माप आहे.

जे बाजारात नाहीच ते बनवायचं. डोअर पॅडपासून सांगतो. पातळ रुंद पट्टी क्लिपच्या अगदी जवळ सरकवून पॅड उचलायचा, मधून ओढायचा नाही. जुनं रेक्झीन सोलून काढलं की उलट बाजूला सगळा हिशेब लिहिलेला असतो: शिवणीची भोकं, कापाची दिशा, खोल ठेवलेली जादा पट्टी. टाके उसवून प्रत्येक तुकडा सपाट करायचा, कागदावर ठेवून आखायचा. फुगलेल्या बोर्डाची कड मात्र आखू नये, कारण ती खोटी असते. दाराच्या पत्र्यावरच कागद धरून भोकांच्या जागा पेन्सिलीने घासून घ्याव्यात. नवा बोर्ड हार्डबोर्डचा घालतच नाही. तीन मिलिमीटरची एबीएस प्लास्टिकची शीट घालतो. ती पाणी पीत नाही आणि कापायला सोपी जाते. मागे जाड प्लास्टिकचा पडदा चिकटवायचा, खालची कड दाराच्या आतल्या खाचेत सोडायची, म्हणजे पाणी बाहेरच्या भोकांकडे जातं. हा पडदा बरेच जण टाकतच नाहीत. पॅड कितीही चांगला शिवला तरी त्याच्याशिवाय दोन पावसाळेसुद्धा निघत नाहीत.

चिकटवण्याचं काम मी पावसात घेत नाही. सोल्यूशन दोन्ही बाजूंना लावून थोडा वेळ सुकू द्यावं लागतं. त्यातला द्रव उडून जाताना पृष्ठभाग गार पडतो आणि जुलैच्या हवेतलं पाणी त्यावर जमतं. डोळ्यांना नुसती पांढुरकी झाक दिसते, पण पकड गेलेली असते. मार्चचं ऊन लागलं की रेक्झीन फुगा धरतं. दोराही सुती वापरत नाही, पॉलिएस्टरचाच. उघड्या गाडीत ऊन थेट शिवणीवर पडतं आणि नायलॉन त्याला तेवढा टिकत नाही.

डॅशबोर्डसाठी मी किनाऱ्याला जातो. मालवण-वेंगुर्ल्याच्या पट्टीत पूर्वी लाकडी होड्या बांधायचे, आता बहुतेक फायबरच्या. होडी साच्यात होते: साच्याला मेण चोळायचं, वर जेलकोट, मग काचेची मॅट आणि रेझिनचे थर. डॅशबोर्डला तेच लागतं. पहिल्यांदा एका होडीवाल्याकडे तडकलेला डॅशबोर्ड घेऊन गेलो तेव्हा तो म्हणाला, ‘मेस्त्रीनू, ह्या काम आमचा न्हय.’ मी म्हटलं, ‘गाडी सगळी फायबरचीच आसा.’ मग त्याने बोटाने कड वाजवून पाहिली आणि भाग खाली ठेवलाच नाही. तडा पुटीने भरून, घासून, मूळ डॅशबोर्डवरूनच त्याने साचा उचलला. नवा भाग त्या साच्याच्या आत घातला, म्हणजे बाहेरचं माप केसभरही बदललं नाही. होडीला मॅटचे थरावर थर लागतात. इथे ४५० ग्रॅमच्या मॅटचे दोन पुरले, आणि मीटरच्या तोंडाभोवती तिसरा. त्यावर पातळ रेक्झीन हीट गनने ताणून मी बसवलं. साच्यासकट सगळा खर्च काही हजारांत भागला. मुंबईतल्या कस्टम कामाचा भाव ज्यांनी ऐकलाय त्यांना हा फरक सांगायला नको.

डॅशबोर्डच्या माथ्यासाठी मी काळा किंवा गडद, न चमकणारा रंग सोडून दुसरं काही करत नाही. फिकट रंगाचं प्रतिबिंब समोरच्या काचेत पडतं आणि उन्हात रस्ता दिसेनासा होतो. गिऱ्हाईक कितीही आग्रही असलं तरी यात तडजोड नाही.

गिअर नॉबसाठी सावंतवाडी. तिथली लाकडी खेळणी आणि रंगीत फळं सगळ्यांना ठाऊक आहेत. ती कातणारा हात गिअर नॉब सहज काढतो. फक्त दोन गोष्टी आधी सांगाव्या लागतात. खेळण्यांचं पांगाऱ्याचं लाकूड हलकं आणि मऊ असतं, नॉबला शिसवासारखं घट्ट लाकूड हवं, आणि आत आट्यांची पितळी बुशी बसवायला हवी. दुसरं, लाख लावू नये. लाख तापली की मऊ होते, आणि उन्हात उभ्या राहिलेल्या उघड्या गाडीत तेवढा ताव सहज चढतो. वर पीयू क्लिअर कोट द्यावा. थ्रीडी प्रिंटवाल्यांनाही मी हेच सांगतो. पीएलए प्लास्टिकचा तुकडा ६० अंशांच्या आसपास वाकतो, गाडीत तो ठेवूच नये. एबीएस किंवा एएसए घ्यावं.

सीटचा फोम सोफ्याच्या दुकानातून आणू नये. सोफ्याला २८-३२ घनतेचा चालतो. स्पोर्ट्स कारमध्ये माणूस जवळजवळ जमिनीवर बसतो, फोमची जाडी कमी असते, म्हणून ४०च्या खाली जाऊ नये. खाली रबर चढवलेल्या काथ्याचा थर दिला तर हवा खेळते आणि घाम धरत नाही. काथ्या म्हणजे गरिबाचं काम असं कुणाला वाटत असेल तर त्याने ध्यानात घ्यावं की जर्मन फोक्सवॅगन बीटलच्या जुन्या सीटमध्ये रबर लावलेला काथ्या आणि घोड्याचे केस असत, आणि १९९०च्या दशकात ब्राझीलमध्ये मर्सिडीझने नारळाच्या तंतूंपासून गाडीतल्या डोक्याच्या उशा करवून घेतल्या होत्या. आमच्या वेंगुर्ल्यात बायका वर्षानुवर्षं काथ्याचं काम करताहेत. इथे रबर चढवलेल्या काथ्याची शीट बनू लागली तर मला ती दक्षिणेतून मागवावी लागणार नाही. असं व्हावं असं मनापासून वाटतं.

काही भाग मी बनवत नाही आणि कुणी बनवून देत असेल तर घेऊही नये. सीट बेल्ट, त्याचं बक्कल, त्याचे बोल्ट, सीटची रूळपट्टी, स्टीअरिंगचा मधला हब. हे नवे आणि ठप्प्याचेच घ्यावेत, मग दुसऱ्या गाडीचे जुळवून का होईना. कापड, फोम घेतानाही ते पेट घेऊन किती वेगाने जळतं हे विचारावं. त्यासाठी आयएस १५०६१ हे भारतीय मानक आहे. दुकानदाराला ते माहीत नसेल तर कापडाचा कात्रणभर तुकडा मागून घ्यावा आणि घराबाहेर पेटवून बघावा. पेटता थेंब गळत खाली पडला तर ते कापड गाडीत नको.

एका चांगल्या गाडीचं पोट फाडून दुसरी सजवायची, ही सवय मात्र मोडली पाहिजे. जुनी स्टॉर्म किंवा कॉन्टेसा भंगारात घेऊन तिचे आतले भाग वेगवेगळे विकणारे आहेत. तसं केल्याने एक मालक सुखी होतो आणि एक गाडी कायमची जाते. त्यातल्या कुठल्याही भागाचा साचा काढून ठेवला असता तर दहा जणांचं भागलं असतं. केंद्र सरकारने २०२१ साली पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी विंटेज नोंदणीचे नियम आणले. गाडी मूळ रूपात राहिलेली असावी ही त्यातली अट आहे. स्टॉर्मला त्या वयाला पोचायला अजून वीस-पंचवीस वर्षं आहेत. तोवर तिचं आतलं मूळ रूप कसं होतं हे कुणाला तरी मोजून ठेवावं लागेल.

म्हणून तुटलेला भाग फेकू नका. डॅशबोर्डचे चार तुकडे झाले असतील तर चारही एका पिशवीत घालून आणा. साचा उचलायला तुकडेही पुरतात, फोटो पुरत नाही. माझ्याकडे जे कागदी आराखडे आणि फायबरचे साचे आहेत ते दुसऱ्या कारागिराला हवे असतील तर त्याने येऊन आखून न्यावेत, पैसे नकोत. काम दसऱ्यानंतर द्या, एप्रिलच्या आत घेऊन जा, आणि पावसात गाडी ताडपत्रीखाली घट्ट गुंडाळून ठेवू नका, बुरशी धरते; छपराखाली, काचा बोटभर उघड्या ठेवून उभी करा.