तबकडी घ्यावी की नाही?

बियाण्याच्या पिशवीवरचे चित्र पाहू नका, लेबल वाचा, असे मी तुम्हाला तीस वर्षे सांगत आलो. परवा माझीच परीक्षा झाली.

ब्रूस लीचा 'एंटर द ड्रॅगन' हा 1973 चा मारधाडीचा चित्रपट. कॉलेजच्या दिवसांत तालुक्याच्या टॉकीजमध्ये मी तो थोरल्या भावाशेजारी बसून पाहिला. भाऊ आता नाही. वाटले, या चित्रपटाची ब्लू-रे तबकडी घ्यावी.

मग लेबल वाचले. साध्या डीव्हीडीच्या पाचपट ठिपके. आरसेमहालातली शेवटची झुंज स्वच्छ दिसणार. पण घरच्या डीव्हीडी प्लेअरवर ती चालत नाही, वेगळा प्लेअर लागतो. शिवाय अमेरिकेचा विभाग 'ए', आपला 'सी'. तबकडी आपल्याकडे चालेल ना, हेही पाहावे लागते.

सौ. म्हणाली, "मोबाइलवर बघा की!" पण ते उसने बियाणे, देणारा केव्हाही परत नेईल. तबकडी म्हणजे कणगीतले घरचे बियाणे.

वर्षातून एकदा लागणारे अवजार विकत घेऊ नका, असेही मीच सांगतो. तरी घेणार आहे. दिवाळीत पुतण्या येईल. त्याच्या वडिलांच्या जागी त्याला शेजारी बसवायचे आहे.

हौस जरूर करा. लेबल मात्र आधी वाचा.